खाली बसवलेल्या गाडीला एअर सस्पेन्शन: टेप हातात घेण्यापासून पहिल्या फेरीपर्यंत

माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांसाठी आणलेल्या दोन एअर बॅगा खोक्यातून काढल्या आणि पाच मिनिटांत कळलं की त्या बसणार नाहीत. पूर्ण दाबलेल्या अवस्थेतही बॅगेची उंची लोअर आर्म (चाकाला चॅसिसशी जोडणारी खालची भुजा) आणि चॅसिसमधल्या जागेपेक्षा जवळपास दीड इंचाने जास्त होती. ते खोकं पुढे तीन महिने पलंगाखाली पडून होतं. दोष विकणाऱ्याचा नव्हता. मी आधी बॅगा घेतल्या आणि मग टेप शोधली. आधी कळस, मग पाया.

त्यामुळे या लेखात खरेदी बरीच उशिरा येते. त्याआधी गाडी मोजायची आहे, तोलायची आहे आणि वहीत आकडे मांडायचे आहेत. स्प्रिंग कापून किंवा आखूड स्प्रिंग घालून गाडी आधीच खाली आणली असेल आणि आता ती हवेवर न्यायची असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. लेखात 'बॅग' म्हटलं की रबराची हवेची स्प्रिंग समजा. अपघातात स्टेअरिंगमधून फुगून येते ती वेगळी.

१. चालवायची उंची ठरवा

एअर सस्पेन्शनचे फोटो पाहा, गाडी हमखास जमिनीला टेकलेली असते. पण तशी ती फक्त उभी राहते. चालवताना ती वेगळ्याच उंचीवर असते, आणि बॅगेचं नव्वद टक्के आयुष्य त्या उंचीवर जातं. म्हणून तीन मापं लिहून ठेवा: पूर्ण खाली, चालवायची आणि पूर्ण वर. तिन्ही मापं चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या. जमिनीपासून घेतलंत तर टायरमधली हवा कमी-जास्त झाली की आकडा बदलतो.

चालवायच्या उंचीला चाकाला वर जायला जागा उरली पाहिजे. मी किमान ६ ते ७ सेंटीमीटर धरतो. त्याहून कमी ठेवलंत तर प्रत्येक खड्ड्यात स्टॉपर आपटेल आणि बॅग बिचारी फुकट बदनाम होईल.

आणखी एक रेषा डोक्यात ठेवा. चारही रिमच्या खालच्या कडा जोडणारी काल्पनिक पातळी घ्या आणि गाडीचा कोणताही भाग तिच्या खाली जाणार नाही असं बघा. टायर फुटला, वर बॅगेतली हवाही गेली, तरी गाडी रिमवर घसरत थांबेल. सस्पेन्शनचा एखादा आर्म रस्त्यात रुतणार नाही. कॅलिफोर्नियात १९५८ पासून २०२३ अखेरपर्यंत नेमका हाच निकष कायद्यात होता: गाडीत बदल करून तिचा कोणताही भाग रिमच्या तळाखाली आणून ती चालवायची नाही. त्यातून वाट काढायला रॉन अ‍ॅगिरे यांनी १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. उभी असताना गाडी खाली, चालवताना कायद्याच्या उंचीवर. उंची हवी तशी बदलणाऱ्या गाड्यांचं वेड तिथून वाढलं. कायदा तुमच्याकडे असो वा नसो, रेषा पाळा.

२. गाडी तोला आणि सस्पेन्शन हलवून बघा

गाडीचं कागदावरचं वजन कामाचं नाही. पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं लागतं. चाकांखाली ठेवायचे चार काटे मिळाले तर उत्तम, नाहीतर वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवा, मग फक्त मागची. टाकी भरलेली हवी आणि तुम्ही आत बसलेले हवेत. प्रत्येक आकड्याचा अर्धा म्हणजे एका चाकावरचा भार. त्यातून चाक, टायर, ब्रेक आणि आर्मचा अर्धा हिस्सा वजा करा, कारण हे वजन बॅग उचलत नाही. छोट्या-मध्यम गाडीत हे साधारण ३५ ते ५० किलो असतं.

आता स्प्रिंग काढा, गाडी जॅक स्टँडवर ठेवा आणि हबखाली जॅक लावून चाक पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत हळूहळू हलवा. चाक आणि टायर लावलेलेच ठेवा. मी ते काढून मोजमाप केलं होतं. सगळं छान मोकळं दिसलं, आणि पुढे गाडी पूर्ण वळवल्यावर टायरची आतली बाजू बॅगेला घासली. पुढच्या चाकांचं स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा, आणि तेही वर, मधे आणि खाली अशा तिन्ही उंचीवर.

हे करताना नजर कुठे ठेवायची? ब्रेकची होज ताणली जाते का, एबीएसची वायर ओढली जाते का, ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट टोकाला अडकतात का, टाय रॉड चॅसिसला लागतो का, अँटीरोल बारची लिंक उलटते का, मागे एक्सल चॅसिसच्या पट्टीवर आपटतो का. शेवटचा प्रश्न मागच्या सरळ एक्सलच्या गाड्यांत नेहमी येतो. तिथे चॅसिसला खालच्या बाजूने खाच घेऊन आतून मजबुती द्यावी लागते. ते काम अनुभवी फॅब्रिकेटरचं आहे, उत्साहात स्वतः ग्राइंडर चालवायची जागा नाही.

३. बॅगेवर खरा भार किती येतो

इथे बहुतेकांचं घोडं पेंड खातं. चाकावर ४०० किलो भार असेल म्हणजे बॅगेवरही ४०० असेलच असं नाही. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे जिथे स्प्रिंग आणि शॉक एकत्र उभे चाकाजवळ बसतात तिथे, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतात. पण जिथे बॅग लोअर आर्मवर, आतल्या बाजूला बसते, तिथे आर्म तरफेसारखा वागतो.

समजा आर्मच्या बुशपासून बॉल जॉइंट ४० सेंटीमीटरवर आहे आणि बॅगेचं केंद्र २४ सेंटीमीटरवर. गुणोत्तर ०.६. चाकावरचा भार ४०० किलो असेल तर बॅगेवर ४०० भागिले ०.६, म्हणजे साधारण ६६७ किलो. तोच हिशेब हालचालीला उलटा लागतो: बॅग ५ सेंटीमीटर लांबली की चाक सव्वाआठ सेंटीमीटर सरकतं. म्हणजे आत बसवलेली छोटी बॅगसुद्धा गाडी भरपूर उचलते, फक्त जास्त भार सोसून.

आता दाब काढा. बॅगेच्या माहितीपत्रकात वेगवेगळ्या उंचीला तिचं परिणामी क्षेत्रफळ (ज्यावर हवेचा दाब प्रत्यक्ष भार उचलतो ते) किंवा परिणामी व्यास दिलेला असतो. चालवायच्या उंचीला परिणामी व्यास १५.२ सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे १८२ चौरस सेंटीमीटर. ६६७ भागिले १८२ म्हणजे ३.६६ किलो प्रति चौरस सेंटीमीटर, अर्थात ५२ पीएसआय. हा आकडा बॅगेच्या कमाल दाबाच्या निम्म्याच्या आसपास किंवा खाली आला की मी समाधानी असतो. ९०-१०० आला तर बॅग लहान पडते आहे. गाडी ताठर होईल आणि दोन माणसं मागे बसली की उरलेला दाबही संपेल. फारच कमी, २०-२५ आला तर बॅग गाडीसाठी मोठी आहे. मग गाडी डुलते, आणि स्लीव्ह प्रकारच्या बॅगेत (प्रकार पुढच्या पायरीत) घडी नीट राहत नाही.

ज्या बॅगेबरोबर भार, उंची आणि दाब यांचा तक्ता मिळत नाही, ती कितीही चकचकीत असली तरी घेऊ नका. तिच्याविषयी तुम्ही काहीच मोजू शकत नाही.

४. बॅग निवडा

मुख्य प्रकार तीन आहेत.

दुहेरी फुग्यांची बॅग, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन जाड टायरसारखी दिसणारी. आखूड जागेत खूप भार घेते, दणकट असते, थोडं वाकडं बसणं खपवून घेते. दबत जाते तसं तिचं क्षेत्रफळ झपाट्याने वाढतं, त्यामुळे ती लवकर ताठर होते. आर्मवर आत बसवायला चांगली, पण आडवी जागा जास्त खाते.

स्लीव्ह बॅग, जिचं रबर खालच्या पिस्टनवर गुंडाळत उतरतं. हिची हालचाल लांब आणि वागणं एकसारखं असतं, गाडी चालवायला सर्वांत सुखद. व्यास लहान असल्याने तेवढ्याच भाराला दाब जास्त लागतो. हिला वाकडेपणा अजिबात चालत नाही.

एअर स्ट्रट, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवतीच बसवलेली बॅग. मॅकफर्सन सस्पेन्शनच्या गाडीला नवशिक्याने हाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला मिळाला तर वेल्डिंगच करावं लागत नाही. फक्त एक तपासा: स्टेअरिंग फिरवल्यावर स्ट्रट फिरतो, तेव्हा वरचं बेअरिंग मोकळं फिरलं पाहिजे. ते अडकलं तर पीळ बॅगेच्या रबरात जातो.

मागे कमानपाटे असतील तर थांबा आणि नीट विचार करा. पाटे फक्त भार घेत नाहीत, एक्सलला पुढे-मागे आणि आडवं जागेवर धरूनही ठेवतात. बॅग यातलं काहीच करत नाही. पाटे काढून तिथे नुसत्या बॅगा ठेवल्या तर एक्सलला धरायला काही उरत नाही. एक्सलला चॅसिसशी धरून ठेवणाऱ्या चार लिंकची रचना आणि गरज असेल तिथे आडवा पॅनहार्ड रॉड हवाच. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत लिंक आधीपासून असतात, त्यामुळे हा प्रश्न बहुधा येत नाही.

५. टाकी, कंप्रेसर, व्हॉल्व्ह

टाकीच्या मापावर लोक तासन्‌तास वाद घालतात. हिशेब दोन ओळींचा आहे. चार बॅगा, चालवायच्या उंचीला प्रत्येकी अडीच लिटर जागा आणि दाब ६० पीएसआय धरला, तर त्या रिकाम्या अवस्थेतून भरायला साध्या वातावरणातली सुमारे ५० लिटर हवा लागते. त्यात १९ लिटरच्या टाकीचा दाब साधारण ४० पीएसआयने उतरतो, ११ लिटरच्या टाकीचा ६५ ने. टाकी १५० वर असेल तर पहिली ११० वर येते आणि गाडी झटक्यात उठते. दुसरी ८५ वर येते, आणि बॅगेत आधीच ६० असल्याने शेवटची उचल रेंगाळते. जागा असेल तर मोठी टाकी घ्या. कंप्रेसरलाही विश्रांती मिळते.

टाकी दाबासाठीच बनवलेली आणि तसा कार्यदाब कोरलेला असलीच पाहिजे. तिला भोक पाडायचं नाही, वेल्ड करायचं नाही. सुरक्षा व्हॉल्व्ह कंप्रेसर बंद होण्याच्या दाबापेक्षा वर आणि टाकीच्या मर्यादेच्या खाली उघडणारा हवा. टाकी डिकीच्या पत्र्यावर स्क्रूने न लावता खालून मोठ्या चकत्या देऊन, शक्यतो मजबूत भागाला बोल्टने बांधा. धडकेत ती सुटली तर मागच्या सीटवरच येते.

कंप्रेसर घेताना कमाल दाबाइतकंच ड्यूटी सायकलकडे बघा. ३३ टक्के म्हणजे दहा मिनिटं चालला तर वीस मिनिटं थांबायला हवा, आणि हा आकडा कोणत्या दाबाला दिला आहे तेही वाचा. कंप्रेसरमधून निघणारी पोलादी जाळीची छोटी होज काढून तिथे साधी प्लॅस्टिक नळी लावू नका. तिथली हवा फार तापलेली असते. उलट्या दिशेने हवा रोखणारा चेक व्हॉल्व्ह त्या होजच्या टाकीकडच्या टोकाला बसतो, म्हणजे त्यालाही उष्णता कमी लागते.

व्हॉल्व्हच्या बाबतीत एकच आग्रह: चारही चाकं स्वतंत्र ठेवा. पैसे वाचवायला पुढच्या दोन बॅगा एकाच नळीवर टी लावून जोडतात. वळणावर बाहेरच्या चाकावर भार येतो, तिथली हवा आतल्या बाजूच्या बॅगेत पळते आणि गाडी आणखी कलंडते. हे मी एका मित्राच्या गाडीत बसून अनुभवलं आहे. पुन्हा बसलो नाही.

नियंत्रण दाबावर चालणारं घ्यावं की उंचीच्या सेन्सरवर? नुसता दाब तोच ठेवला तर प्रवासी बसले की गाडी खाली जाते, कारण तेवढ्याच दाबाला आता जास्त भार आहे. सेन्सर उंची पकडून ठेवतात. रोजची गाडी असेल तर सेन्सर, अधूनमधून फिरवायची असेल तर दाबावर भागतं. हाताने चालवायचे व्हॉल्व्ह आणि दोन काट्यांचे गेज ही सर्वांत साधी आणि सर्वांत कमी बिघडणारी व्यवस्था. शिकायला तीच उत्तम.

६. कागदपत्रं आणि अवजारं

काम सुरू करण्याआधी वाहन नोंदणी कार्यालयाकडून सस्पेन्शनमधल्या बदलाचे नियम विचारून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. तोंडी 'चालेल' याला दाव्याच्या वेळी किंमत नसते. फाइलमध्ये हे जमवा:

- नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि बदलाची परवानगी लागत असेल तर ती
- बॅग, टाकी, नळ्या यांची मान्यतेची कागदपत्रं आणि भार-दाबाचे तक्ते
- वजनकाट्याच्या पावत्या
- वेल्डिंग कोणी केलं त्याचं बिल, आणि झाकलं जाण्याआधीचे प्रत्येक जोडाचे फोटो
- विमा कंपनीचं उत्तर
- काम झाल्यानंतरचा व्हील अलाइनमेंटचा छापील अहवाल

अवजारांत नेहमीच्या पान्यांखेरीज टॉर्क रेंच, चार भक्कम जॅक स्टँड, नळी कापायचा कटर, वायरचे टोक दाबायचा क्रिंपर, मल्टिमीटर, कडा घासायला कानस, साबणाच्या पाण्याची फवारणी बाटली आणि मुलांच्या खेळण्यातली मऊ माती. माती कशाला, ते पुढच्याच पायरीत.

७. ब्रॅकेट आणि बॅग बसवा

पहिला नियम अवजारापेक्षाही आधीचा आहे. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. एक फिटिंग निसटली की गाडी क्षणात खाली येते, आणि ही तर मुद्दाम जमिनीला टेकेल अशी बनवलेली गाडी. खाली जायचं तर चारही जॅक स्टँड लावूनच, दोन मिनिटांच्या कामालासुद्धा.

दुसरा नियम: सुटी बॅग हातात धरून फुगवून बघायची नाही. गाडीत तिला वरून-खालून बंधन असतं. मोकळी बॅग मर्यादेबाहेर ताणली जाते आणि फाटू शकते.

वेल्डिंग असेल तर बॅटरीची तार काढा, बॅग आणि नळ्या पूर्ण बाजूला न्या. एक ठिणगी रबरात शिरली तर लगेच दिसत नाही, महिनाभराने दिसते. आधी नुसते टाके मारून ब्रॅकेट उभे करा, सस्पेन्शन पूर्ण हलवा, सगळं जुळतं ते बघा, आणि मगच पक्कं वेल्ड करा.

बॅगेच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्या चालवायच्या उंचीला एकमेकींना समांतर आणि केंद्र एका रेषेत असल्या पाहिजेत. आर्म गोल फिरतो, त्यामुळे टोकाच्या स्थितीत थोडा तिरपेपणा येणारच. तो टोकांना वाटून द्या, मधल्या स्थितीला सरळपणा ठेवा. उलट केलेलं मी पाहिलं आहे: गाडी पूर्ण खाली असताना सगळं काटकोनात, आणि चालवताना बॅग केळ्यासारखी वाकलेली.

आता मोकळी जागा. एअर बॅगा हवेच्या दाबाने फार कमी फुटतात, घासून फुटतात. फुगलेल्या बॅगेभोवती सगळीकडून किमान १२ मिलिमीटर, जमलं तर २५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. जिथे शंका वाटते तिथे मऊ मातीचा गोळा चिकटवा, बॅगेत १०० पीएसआयपर्यंत हवा भरा (बॅगेची मर्यादा तेवढी असेल तरच), सस्पेन्शन आणि स्टेअरिंग फिरवा, मग गोळा किती चपटला ते मोजा. ब्रॅकेटची प्रत्येक कड कानसीने गोल करा. बोल्टचं टोक बॅगेच्या दिशेने बाहेर आलेलं नको.

८. शॉक आणि थांबे

बॅग म्हणजे स्प्रिंग. गाडीचं उसळणं आवरायचं काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचंच राहतं. मूळ शॉक खाली उतरवलेल्या गाडीत आधीच अर्धे दबलेले असतात. पूर्ण खाली घेतलं की ते बॅगेच्या आधी टेकतात आणि गाडीचं वजन शॉकच्या आतल्या व्हॉल्व्हवर येतं. म्हणून पूर्ण दबल्यावरची आणि पूर्ण लांबल्यावरची लांबी मोजून त्या मापाचे शॉक घ्या.

खालचा थांबा म्हणून रबरी स्टॉपर हवा, जो बॅगेच्या धातूच्या टोप्या एकमेकींना लागण्याआधी टेकेल. काही बॅगांत तो आतच असतो, तक्त्यात बघा. वरचा थांबा शॉकने किंवा पट्ट्याने द्या. चाक लोंबकळलं की बॅग ताणली जाता कामा नये.

आणि बुशचे बोल्ट. आर्मचे रबरी बुश गाडी चालवायच्या उंचीवर आणूनच घट्ट करा. चाक लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

९. नळ्या ओढा

नळी ब्रेकच्या आणि इंधनाच्या पाइपांच्या वाटेने न्या, पण सायलेन्सरच्या पाइपापासून किमान १५ सेंटीमीटर लांब. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट लावा. चाकाजवळ स्टेअरिंग आणि उसळीसाठी थोडी ढील ठेवा, पण टायरपर्यंत पोहोचेल इतकी नको.

नळी कटरनेच कापा, टोक काटकोनात आलं पाहिजे. पकडीने कापलं की टोक लंबगोल होतं आणि पुश फिटिंगच्या आतली रिंग नीट बसत नाही. माझी पहिली गळती शोधायला तीन दिवस लागले आणि कारण एवढंच निघालं. नळी आत ढकलताना पहिल्या अडथळ्याला थांबू नका; ती आणखी थोडी आत जाते. मग ओढून खात्री करा.

शंकूच्या आट्यांच्या फिटिंगवर टेफ्लॉनची पांढरी पट्टी लावायचा मोह टाळा. पट्टीचा एखादा तुकडा व्हॉल्व्हमध्ये गेला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, आणि रोज सकाळी एक कोपरा खाली बसलेला मिळतो. द्रव सीलंट वापरा, पहिले एक-दोन आटे कोरडे सोडा. बोटाने घट्ट झाल्यावर पान्याने दीड-दोन फेरे पुरतात. जास्त जोर लावाल तर बॅगेचं तोंडच तडकेल.

टाकी आणि व्हॉल्व्हच्या मधे पाणी धरणारा फिल्टर ठेवा. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातलं पाणी टाकीच्या तळाला जमतं. गोठवणाऱ्या थंडीत तेच व्हॉल्व्हमध्ये बर्फ होऊन बसतं. टाकीचा निचऱ्याचा कॉक सर्वांत खाली येईल अशीच टाकी लावा.

१०. वायरिंग

कंप्रेसर २० ते ३० अँपिअर खेचतो, तेव्हा तो डॅशबोर्डच्या स्विचवरून थेट चालवायचा नाही. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून जाड वायर, रिले आणि मग कंप्रेसर. दोन कंप्रेसर असतील तर प्रत्येकाला वेगळा रिले. प्रेशर स्विच फक्त रिलेला आदेश देतो. त्याची तार चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या ठिकाणाहून घ्या. थेट बॅटरीवर जोडली आणि कुठे बारीक गळती असली तर रात्रभर कंप्रेसर चालू-बंद होत राहतो आणि सकाळी बॅटरी आडवी. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून लखलखीत पत्रा काढा. इथे आळस केला की कंप्रेसर चालतो पण दमल्यासारखा, आणि तुम्ही उगाच कंप्रेसर बदलता.

११. गळती तपासा

टाकी भरा, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे बघा. मग रात्रभर ठेवा. सकाळी काटा थोडा खाली दिसला तर लगेच सगळं उकलायला बसू नका. हवा थंड झाली की दाब उतरतोच: संध्याकाळी २० अंशाला २०० पीएसआय असेल तर पहाटे ५ अंशाला न गळताही सुमारे १८९ दिसेल. त्याहून जास्त उतरला, किंवा एकच कोपरा बसला, तर तिथे शोधा.

१२. उंची लावा, अलाइनमेंट करा, मग बाहेर पडा

गाडी स्टँडवरून उतरवण्याआधी बॅगांत २०-३० पीएसआय हवा असू द्या. रिकामी स्लीव्ह बॅग लोंबकळल्यावर घडी चुकवून दबते आणि चिमटली जाते.

अलाइनमेंट चालवायच्या उंचीवरच. केंद्रावरच्या माणसाला ती उंची किती ते चाकाचं केंद्र ते मडगार्ड या मापात लिहून द्या, नाहीतर तो बिचारा जी दिसेल त्या उंचीला करून देईल. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी खाली जाते तशी चाकं वरून आत झुकतात, पण टायर जास्त खातो तो टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची टोकं किती आत-बाहेर वळली आहेत ते. उंची एखाद्या सेंटीमीटरने बदलली तरी टो हलू शकतो. म्हणून उंची एकदा ठरवलीत की रोज 'आज जरा खाली' हा खेळ चालत्या गाडीत करू नका. हेडलाइटही त्याच उंचीला लावून घ्या.

पहिली फेरी जवळची, हळू, रिकाम्या रस्त्यावर. परत आल्यावर बॅगांवर घासल्याची चमक, टायरवर आतल्या बाजूला रेघ, गरम वास असं काही आहे का बघा. १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. टाकीतलं पाणी महिन्यातून एकदा काढा, दमट हवेत आठवड्याला.

डिकीत मीटरभर नळी, दोन जोडफिटिंग, नळी कापायला धारदार पातं, एक रिले आणि दोन फ्यूज कायम ठेवा. व्यवस्थेत टायरसारखा एक साधा हवेचा व्हॉल्व्हही बसवून घ्या. कंप्रेसर वाटेत बंद पडला तर टायरच्या पंपाने टाकी भरून घर गाठता येतं. मी ते दोनदा केलं आहे, एकदा पायपंपाने.